पार्ल्यात पावसाळाभर वापरलेला ६०० व्हीएचा यूपीएस

मी घरून दिवाळी अंकांची मांडणी करते. जून ते ऑक्टोबर हा माझा हंगाम, आणि मुंबईचा पाऊसही नेमका तेव्हाच. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस, म्हणजे लाइट गेले की बॅटरीवर कंप्युटर चालू ठेवणारा डबा, घेतला आणि सगळा हंगाम त्याच्यावर काढला. कंपनीचं नाव देत नाही, कारण या ताकदीचे बाजारातले बहुतेक यूपीएस आतून एकसारखेच असतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी, ३६० वॅटपर्यंतचा भार, मागे तीन सॉकेट. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास.

आधी निवाडा सांगते. मुंबईच्या घरात यूपीएस घ्यायचा तो क्षणभराच्या झटक्यात काम वाया जाऊ नये म्हणून, आणि लाइट खरंच गेले तर नीट आवरून उठता यावं म्हणून. तेवढ्यासाठी हा छोटा डबा पुरेपूर उपयोगी पडला. त्याच्यावर बसून तासन्‌तास काम करायचं मनात असेल तर दुप्पट किमतीचाही अपुराच पडेल.

"मुंबईत लाइट जातातच कुठे?" असं नाशिक-जळगावकडचे नातेवाईक विचारतात, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते बरोबरच आहे. भारनियमनाचे चटके त्यांनी खाल्ले, आपण नाही. म्हणून त्यांच्याकडे इन्व्हर्टर आणि हातभर उंचीची ट्युब्युलर बॅटरी घरातल्या माणसासारखी असते, आणि आपल्याकडे ती ठेवायला बाल्कनीही उरलेली नाही. पण १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई बंद. लोकल जागच्या जागी उभ्या, टाळेबंदीमुळे निम्मं शहर घरातून काम करत होतं, मुलांच्या शाळा पडद्यावर. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवर बिघाड झाला आणि अशा वेळी मुंबईला बाहेरच्या ग्रिडपासून वेगळं काढून वाचवणारी 'आयलंडिंग' यंत्रणाही टिकली नाही. काही भागांत दोनेक तासांत वीज आली, काही ठिकाणी रात्र झाली. दिवाळी महिन्यावर आली होती. आमच्या धंद्यातल्या माणसांना तो दिवस विसरता येणार नाही.

तरीही असा दिवस विरळाच. माझ्या घरचं रोजचं दुखणं वेगळं आहे, आणि माझ्या मते जुन्या इमारतींत राहणाऱ्या बहुतेकांचं तेच असेल. आमची इमारत चार मजली, वायरिंग जुनं, आणि सोसायटीचा पाण्याचा पंप मीटररूमच्या शेजारी. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं, ट्यूबलाइट लुकलुकते, आणि कंप्युटर कधी तग धरतो, कधी सरळ पुन्हा सुरू होतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, आणि कंप्युटरचा पॉवर सप्लाय स्वतःजवळच्या साठ्यावर साधारण तेवढाच वेळ दम धरू शकतो. भार जास्त असेल तर त्याहून कमी. म्हणजे पंखा थांबल्याचंही जाणवणार नाही इतक्या वेळात उघडी फाइल जाऊ शकते.

लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकाराचे पैसे इथे वसूल झाले. त्यात एव्हीआर असतो. व्होल्टेज २३० वरून बरंच खाली उतरलं किंवा वर चढलं तर आतला ट्रान्सफॉर्मर ते सावरून देतो आणि बॅटरीला हात लावावा लागत नाही. पंप सुरू झाला की 'टक्' असा रिलेचा आवाज येतो, बस. पूर्ण अंधार झाला किंवा व्होल्टेज सावरण्यापलीकडे गेलं तरच तो बॅटरीवर जातो, आणि त्या अदलाबदलीला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ कंप्युटर सहज काढतो. संपूर्ण पावसाळ्यात माझं मशीन एकदाही आपोआप पुन्हा सुरू झालं नाही. आधीच्या वर्षी सोळा पानांचा फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचा संच) लावून होत आला असताना हे होत असे, आणि इनडिझाइनने (मांडणीच्या सॉफ्टवेअरने) फाइल परत मिळवून दिली तरी शेवटच्या दुरुस्त्या राहिल्यात की गेल्यात हे पाहायला सगळी प्रूफं पुन्हा वाचावी लागत. मुद्रितशोधन दोनदा करण्यात जाणारी ती रात्र वाचली, याच एका गोष्टीसाठी मी हा पुन्हा घेईन.

आता वेळ किती मिळतो ते. खोक्यावर ६०० ठळक छापलेलं असतं, पण पाहायचा आकडा वॅटचा, म्हणजे ३६०. आणि हा आकडा किती भार झेपेल ते सांगतो, किती वेळ झेपेल ते नाही. वेळ बॅटरीवर ठरतो. १२ गुणिले ७ म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर, पण ती क्षमता बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरची. घाईने ओढलं की लेड-ॲसिड बॅटरी बरंच कमी देते, शिवाय थोडी वीज रूपांतरात जाते. माझं मशीन आणि २४ इंची मॉनिटर मिळून मांडणी करताना शंभर वॅटच्या आत ओढतात, मोठी पीडीएफ निघताना त्याहून जास्त. नवा असताना पंधरा-वीस मिनिटं मिळत होती, ऑक्टोबरअखेर थोडी कमी. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी एवढ्याची अपेक्षा ठेवू नये. त्यांना फार तर पाच मिनिटं. आणि एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला सहा-आठ तास लागतात, त्यामुळे एकाच दुपारी दोनदा लाइट गेले तर दुसऱ्यांदा हातात फारसा वेळ नसतो.

यंदा लाइट बराच वेळ गेलेही. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं खोदकाम चालू आहे. पार्ल्यात सध्या गल्लोगल्ली तेच. जमिनीखालची केबल तुटली आणि दुपारभर अंधार. अशा वेळी यूपीएसवर काम रेटत बसायचं नाही. फाइल सेव्ह, मशीन बंद, आणि उरलेली प्रूफं छापील कागदावर.

यूपीएसवर काय लावायचं यावर थोडं स्पष्ट बोलते, कारण दुकानातून निघताना हे कुणी सांगत नाही. सीपीयू, मॉनिटर, आणि वेगळा ॲडॅप्टर असलेली बाहेरची हार्ड डिस्क, एवढंच. लेझर प्रिंटर कधीही नाही. त्याचा फ्यूजर (शाईची पूड कागदावर वितळवणारा भाग) तापताना एकदम शेकड्यांनी वॅट ओढतो आणि यूपीएस जागीच बसतो. पंखाही नाही. "ताई, एक सॉकेट रिकामं आहे, टेबलफॅन देऊ का जोडून?" असं आमच्या इलेक्ट्रिशियनने मनापासून विचारलं होतं. पण अशा यूपीएसची बॅटरीवरची वीज पायऱ्यापायऱ्यांची असते, भिंतीतल्यासारखी गुळगुळीत साइन वेव्ह नव्हे. पंख्याची मोटर तिच्यावर गुरगुरते, तापते, आणि कंप्युटरच्या वाट्याची मिनिटं खाते. ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट, असलेल्या काही पॉवर सप्लायनाही ही वीज मानवत नाही. माझ्या ४५० वॅटच्या सप्लायला चालली, कारण भार कमी होता. महाग वर्कस्टेशन असेल तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, तिथे काटकसर नको.

त्याच इलेक्ट्रिशियनकडून एक काम मात्र करून घेतलं, आणि ते प्रत्येकाने करावं असं मला कळकळीने वाटतं: अर्थिंगची तपासणी. जुन्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असतं, पण वरच्या जाड पिनेमागे वायरच नसते. मग यूपीएसमधलं सर्जपासूनचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजपासूनचं, संरक्षण बरंचसं कागदावरच राहतं. आमच्या हॉलमध्ये अर्थ होता, आतल्या खोलीत नव्हता. कंप्युटरचं टेबल हलवलं.

इंटरनेटसाठी वेगळा उपाय लागतो. राउटर या यूपीएसवर लावता येतो, पण १२ व्होल्टच्या राउटरसाठी बॅटरीतली डीसी वीज आधी २३० ची एसी करायची आणि ॲडॅप्टरने पुन्हा डीसी, ही निव्वळ उधळपट्टी. त्याऐवजी राउटरचा छोटा डीसी यूपीएस घेतला, लिथियम सेलचा, हजार-बाराशे रुपयांचा. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची ध्रुवता जुळवून घ्या. राउटर सात-आठ वॅट खातो, त्यामुळे तीनेक तास आरामात निघतात. केबल तुटली त्या दुपारी तयार पानं लॅपटॉपवरून संपादकांना पाठवता आली ती याच्यामुळे. आमच्याकडे फायबर थेट घरात येतो आणि वाटेतले स्प्लिटर विजेशिवाय चालतात. माझ्या गिरगावातल्या मैत्रिणीकडे मात्र जिन्यातल्या स्विचवरून लॅनची केबल येते. त्या स्विचला बॅकअप नाही, त्यामुळे तिच्या राउटरचे दिवे लागलेले आणि नेट बंद. तिने हा खर्च करू नये, आधी केबलवाल्याशी बोलावं.

या मॉडेलची मला खटकलेली उणीव म्हणजे यूएसबी पोर्ट नाही. ज्या यूपीएसना तो असतो त्यांना विंडोज लॅपटॉपच्या बॅटरीसारखं ओळखतं आणि बॅटरी संपत आली की मशीन स्वतःहून बंद करतं. लिनक्सवर 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हेच करतं. पाच-सातशे जास्त देऊन पोर्टवालाच घ्यावा, विशेषतः तुम्ही मशीनपासून उठून जात असाल तर. मी यावर तोड काढली. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कॅबिनेटच्या बटणाला 'हायबरनेट' नेमून दिलं. उघडं सगळं काम डिस्कवर उतरतं आणि मशीन पूर्ण बंद होतं. एसएसडीवर अर्धा मिनिटही लागत नाही. सासूबाईंना एवढंच सांगितलं की पी-पी वाजायला लागलं की मोठं बटण एकदा दाबायचं, धरून ठेवायचं नाही. मी बाजारातून आले की त्या दारातच सांगतात, "अगं, तुझं ते वाजत होतं, मी दाबलंय." पानं जशीच्या तशी मिळतात. त्यांचा मला या हंगामात फार मोठा आधार झाला.

बाकी किरकोळ. भोंगा रात्री कर्कश वाटतो, पण पुढचं बटण हलकेच दाबलं की गप्प होतो. डबा जमिनीवर ठेवू नका, तळमजल्यावर तर नकोच, आणि बंद कपाटातही नको. उष्णता ही या बॅटरीची वैरीण आहे. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांमागे तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि आपल्याकडे घरात तीस अंश म्हणजे बरा दिवस. दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलावी लागणार हे धरूनच चाला. अधूनमधून चाचणी घेताना पिन उपसू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. बटणाने फक्त फेज तुटतो, अर्थ जोडलेला राहतो.

सुटी बॅटरी घेताना तिच्यावरची तारीख वाचा. वर्षभर दुकानात पडून असलेली स्वस्तात मिळाली तरी नको. लॅमिंग्टन रोडला १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी हजार-दीड हजारात मिळते आणि जुनी दिली तर थोडे पैसे कमी होतात. आमच्या खालच्या काकांच्या यूपीएसमधली फुगून बसली होती, ती मी त्यांच्या वतीने तिथेच देऊन आले. ती भंगारवाल्याकडे किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. आत शिसं आणि ॲसिड असतं, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती परत घेऊन पुनर्वापराला लावणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे. दुकानदार कुरकुरला तर हे त्याला सांगा.