‘अपडेट बंद करून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

गिरगाव, फोर्ट, दादर भागात छोटं ऑफिस चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. कॉम्प्युटरच्या देखभालीचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट देऊन निश्चिंत असाल, तर आधी वाचा.

ठाकुरद्वारला आमचं हिशेबाचं काम आहे. गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं, खतावण्या, ऑडिटची तयारी. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. आमच्या दोन मशीनची देखभाल एक माणूस करायचा. ओळखीतून आलेला, बोलायला गोड, फोन केला की हजर. वर्षाचे पैसे आगाऊ घ्यायचा आणि बिलावर छापून द्यायचा : ‘ओरिजिनल विंडोज, अँटिव्हायरस, सिक्युरिटी अपडेट’. ती सगळी बिलं माझ्याकडे आहेत.

सप्टेंबर महिना होता. तीस तारखेच्या आत सोसायट्यांच्या वार्षिक सभा व्हाव्या लागतात, त्यामुळे आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी आल्या आल्या टॅली सुरूच होईना. फोल्डर उघडला तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे कसलीतरी अगम्य अक्षरं चिकटलेली, आयकॉन कोरे, आणि डेस्कटॉपवर एक चिठ्ठी : तुमचा डेटा कुलूपबंद केला आहे, किल्ली हवी असेल तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. रॅन्समवेअर.

तो माणूस आला, जरा इकडे तिकडे बघितलं आणि बाबांना म्हणाला, “काका, तुमच्याकडच्या मुलीने कुठेतरी क्लिक केलं असणार.” आमच्याकडे एंट्र्या करणारी मुलगी रडायलाच लागली. मग म्हणे, ओळखीत एक जण डेटा काढून देतो, फक्त रोख लागेल, बिल मिळणार नाही. बाबांनी घाबरून अर्धे पैसे त्याच्या हातावर ठेवले. डेटा आला नाही, पैसेही परत आले नाहीत.

खरा प्रकार माझ्या आतेभावाने उघडकीला आणला. तो आयटीत आहे. न बिघडलेल्या दुसऱ्या मशीनवर त्याने सेटिंग्जमधलं विंडोज अपडेटचं पान उघडलं. वरच लाल अक्षरांत एक ओळ : ‘सम सेटिंग्ज आर मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’, म्हणजे काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत. आमची कसली ऑर्गनायझेशन? दोन टेबलं आणि एक कपाट. खाली अपडेट हिस्टरी उघडली तर शेवटचं अपडेट मशीन आणलं त्या वर्षीचं. सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज अपडेटपुढे ‘डिसेबल्ड’. आपोआप असं होत नाही. कुणीतरी बसून ते बंद केलं होतं, आणि त्याचेच पैसे दरवर्षी आमच्याकडून ‘सिक्युरिटी अपडेट’ म्हणून घेतले होते.

मग त्याने कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजचा परवाना तपासला (एसएलएमजीआर, एक स्पेस, स्लॅश एक्सपीआर). दुकानातून रीतसर घेतलेली प्रत ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ सांगते. आमच्याकडे मुदत संपण्याची तारीख आली. ही १८० दिवसांची मुदत मोठ्या कंपन्यांच्या सामूहिक परवान्याची असते; त्याचीच नक्कल करून विकत न घेतलेलं विंडोज चालू करणारं एक चोरटं ॲक्टिव्हेटर आमच्या मशीनवर बसवलं होतं. विंडोजमधलाच अँटिव्हायरस, विंडोज डिफेंडर, असली ॲक्टिव्हेटरं पकडतो, म्हणून ते ज्या फोल्डरमध्ये होतं तो तपासणीतून वगळलेला. म्हणजे चोराला आत घ्यायचं म्हणून वॉचमनलाच सुट्टी. ‘अपडेटने मशीन स्लो होतं, मी बंद करून देतो’ हे तो कॉन्ट्रॅक्टवाला सगळ्यांना सांगायचा. खरं कारण हे होतं की अपडेट आलं तर त्याची लबाडी उघडी पडली असती.

अपडेट म्हणजे नवी बटणं आणि नवे रंग, असा समज फार आहे. त्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे सापडलेली भोकं बुजवणं. २०१७ मध्ये विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती १४ मार्चला आली होती. त्याच भोकातून शिरणारा ‘वॉनाक्राय’ हा रॅन्समवेअर व्हायरस १२ मे रोजी पसरला. मध्ये जवळपास दोन महिने होते, तरी ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं त्यांची मशीन जगभर बंद पडली. जूनमध्ये तेच भोक वापरणारा ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या समोरच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

तेव्हा आजच अपडेट हिस्टरी उघडून तारखा बघा. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र किंवा बुधवार उजाडतो. महिनोन्‌महिने काहीच दिसत नसेल तर कॉन्ट्रॅक्टवाल्याला समोर बसवून विचारा. विंडोज १० असेल तर आणखी एक गोष्ट : त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, आणि तिची नोंदणी सेटिंग्जमधूनच होते. कुणी दारावर येऊन ‘विंडोज १० वाढवून देतो’ म्हणून रोख मागत असेल तर देऊ नका. ब्राउझरमध्ये अचानक उगवणाऱ्या ‘अपडेट करा’च्या खिडक्यांवरही क्लिक नको, खरं अपडेट त्या त्या प्रोग्रामच्या मेनूतूनच घ्यायचं.

आणि रॅन्समवेअर आलंच तर आधी नेटची वायर काढा, फाइली पुसू नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आमच्या प्रकाराची नव्हती. सोसायट्यांकडे गेलेल्या छापील प्रती आणि ईमेलमधले जुने ताळेबंद समोर ठेवून त्या मुलीने आणि मी सगळं पुन्हा भरलं. जिच्यावर त्याने ठपका ठेवला, तिनेच काम वाचवलं, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली आहे आणि बिलांच्या प्रती, त्या पानांचे फोटो पोलीस ठाण्यातही दिले आहेत. तो माणूस फोन उचलत नाही, पण आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्याचं कॉन्ट्रॅक्ट चालू होतं. तिथल्या मशीनवरही तीच लाल ओळ निघाली. त्यांनीही आता वेगळी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे अशी बिलं असतील तर फेकू नका, मशीन फॉरमॅट करायच्या आधी त्या पानांचे फोटो काढा आणि जवळच्या ठाण्यात नोंद करा.