महामार्गालगतच्या मोजणीसाठी जॅमिंगरोधक अँटेना: महिन्याभराचा अनुभव

शिरोलीच्या बाजूला, पंचगंगेच्या पुलाजवळ पूररेषेची मोजणी करताना आमच्या आरटीके रोव्हरचा (उपग्रहांच्या सिग्नलवरून सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा सांगणाऱ्या फिरत्या रिसीव्हरचा) फिक्स, म्हणजे पक्के अचूक स्थान, वारंवार सुटत असे. डोक्यावर मोकळे आकाश असूनही कडेला एखादा ट्रक येऊन थांबला की फ्लोट, म्हणजे स्थानाचा कमी अचूक अंदाज, यायचा आणि तो निघून गेला की थोड्या वेळाने फिक्स परत मिळायचा. गाडीतल्या ट्रॅकरला चकवणारी जॅमर उपकरणे बेकायदा आहेत, पण त्यांची झळ शेजारच्या मोजणीलाही बसते. जीपीएसचा सिग्नल सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येतो आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत रिसीव्हरच्या औष्णिक गोंगाटापेक्षाही क्षीण झालेला असतो, त्यामुळे तो दाबायला फारशी शक्ती लागत नाही.

म्हणून चार घटकांचा, ताटलीएवढा अँटेना महिनाभर भाड्याने घेतला. चारही घटकांवर पोहोचणाऱ्या लहरींच्या कलेतील (फेजमधील) फरक मोजून तो त्यांची बेरीज अशी जुळवतो, की अडथळ्याच्या दिशेने येणारी लहर आपोआप पुसली जाते. चार घटक असल्याने अशा जास्तीत जास्त तीन दिशा त्याला बंद करता येतात. घटकांमध्ये आदर्श अंतर अर्ध्या तरंगलांबीचे, म्हणजे जीपीएसच्या एल-१ या वारंवारता पट्ट्यासाठी सुमारे साडेनऊ सेंटीमीटर हवे. आकार आटोपशीर ठेवण्यासाठी ते कमी केले की घटक एकमेकांवर परिणाम करू लागतात आणि अडथळ्यासोबत त्याच बाजूचे, क्षितिजालगतचे उपग्रहही हातचे जातात.

फिक्स टिकवण्याच्या कामात हा अँटेना खरोखर उत्तम ठरला. ट्रक शेजारी उभा असतानाही काम थांबले नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र पुलाच्या कठड्याजवळच्या माहितीच्या बिंदूवर पोल उभा करून, बुडबुडा मधोमध आणून तपासले, तेव्हा दिशा बंद झाली की वाचन सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सरकत असल्याचे दिसले. बेरजेतील घटकांचे भार बदलले की अँटेनाचे कलाकेंद्रही, म्हणजे अँटेनावरील ज्या बिंदूपासून मोजमाप धरले जाते तो बिंदूही, हलते, हे त्यामागचे कारण. ड्रोनला वाट दाखवण्यासाठी एवढा फरक चालतो, हद्दीचा दगड रोवताना चालत नाही. विक्रेत्याने माहितीपत्रकात याचा उल्लेख करायला हवा होता. शिवाय नाविक या भारतीय उपग्रह प्रणालीचा एल-५ पट्टा, ११७६.४५ मेगाहर्ट्झ, हा अँटेना घेतच नाही, ही उणीव मला मोठी वाटते.

महामार्गाच्या कामासाठी आम्ही तो आणखी दोन महिने ठेवून घेतला आहे. नोंदवहीत आता ‘दिशा बंद’ असा वेगळा रकाना आखला असून, त्यात खूण असलेला प्रत्येक बिंदू रस्ता मोकळा असताना पुन्हा मोजतो.