उंदराला पाळी येते का? एका प्राणीचाचणी सेवेचा अनुभव

कोटेशनमध्ये एकच ओळ होती : 'इंट्रायूटेराइन अ‍ॅडहेशन मॉडेल, मादी विस्टार रॅट, २४ प्राणी, २८ दिवस, रिपोर्टसह.' म्हणजे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या मादीत गर्भपिशवीच्या भिंती मुद्दाम चिकटवून करायची चाचणी. खाली रक्कम आणि १८ टक्के जीएसटी. मी पॉलिमरमधली बाई, जेल बनवते. उंदीर त्याआधी पाहिला तो गावच्या घरी, धान्याच्या कणगीमागे. त्यामुळे ती ओळ वाचून मला वाटलं, हे वॉशिंग मशीनसारखं असणार. मॉडेल सांगायचं, पैसे भरायचे, माल येतो.

तसं नसतं हे कळायला सात महिने आणि दोन फेऱ्या लागल्या. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या आहेत. पण ज्यांना अशी चाचणी बाहेरून करून घ्यायची आहे त्यांनी वाचा.

जेल कशासाठी, ते आधी. गर्भपिशवीच्या आतल्या भिंती जखमेनंतर एकमेकींना चिकटतात. बहुतेक वेळा कारण असतं गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतरचं क्युरेटिंग. अस्तराचा जो खालचा थर असतो, ज्यातून दर महिन्याला नवं अस्तर उगवतं, तोच खरवडला जातो. आपल्याकडे याला 'पिशवी धुतली' म्हणतात. धुण्यानं काय बिघडणार असं वाटतं बिचाऱ्या बाईला. भारतात याला आणखी एक कारण आहे, गर्भपिशवीचा टीबी, आणि ती केस जास्त अवघड. हाइनरिश फ्रिट्श यांनी १८९४ मध्ये असा रुग्ण नोंदवला होता, पण आजाराला नाव मिळालं योसेफ अ‍ॅशरमन यांचं. त्यांनी १९४८ मध्ये २९ बायकांची हकिगत छापली : जखमेनंतर पाळी बंद झालेल्या बायका. माझ्या वहिनीचं दोनदा क्युरेटिंग झालं आणि तिची पाळी दोन थेंबांवर आली. पुढे दुर्बिणीतून चिकटलेलं सोडवलं, ते पुन्हा चिकटलं. माझी जेल हायलुरोनिक आम्लाची आहे. सोडवल्यानंतर काही दिवस दोन भिंतींच्या मध्ये बसून राहावी, एवढंच तिचं काम.

उंदरांवर चाचणी लावतेय हे वहिनीला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "उंदराला पाळी येते का गं?"

मी म्हटलं, "येत असेल की."

येत नाही. त्यांचं चक्र चार-पाच दिवसांचं, रक्त जात नाही, अस्तर आतल्या आत जिरतं. पाळी येणारे प्राणी मोजकेच, जसे आपण, माकडांच्या काही जाती, काही वटवाघळं, आणि २०१७ मध्ये लक्षात आलेला काटेरी उंदीर. तो काटेरी उंदीर या लॅबच्या यादीत नव्हता, कुठल्याच लॅबच्या यादीत मला दिसला नाही. म्हणजे ज्या एका लक्षणावरून अ‍ॅशरमन यांच्याकडे बायका आल्या, ते लक्षण माझ्या चाचणीत मोजताच येणार नव्हतं. सही करण्याआधी लॅबला हा प्रश्न मी विचारायला हवा होता. वहिनीनं विचारला, मेथी निवडता निवडता.

आता चांगलं ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. परवानगीची फाइल त्यांनी चोख केली. नैतिकता समितीपुढे प्रस्ताव, प्राण्यांची संख्या इतकीच का याचं कारण, वेदनाशामकाचं वेळापत्रक, सगळं. पिंजरे स्वच्छ, पशुवैद्य रोज येणारे. शस्त्रक्रिया करणाऱ्या ताईंचा हात तर बघत राहावा असा. मला काचेबाहेरून पाहू दिलं. केटामिन-झायलाझिनची भूल, पोटावर मधोमध छोटा छेद, आणि आतून बाहेर येतात दोन शिंगं. उंदराची गर्भपिशवी आपल्यासारखी एक पिशवी नसतेच. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन नळ्या, चवळीच्या शेंगेपेक्षा बारीक. एका शिंगात जखम करायची, दुसरं तसंच ठेवायचं. एकाच जिवात तुलना मिळते. ही सोय उंदरात आहे आणि म्हणूनच तो इतका वापरला जातो. (सशाचीही दोन शिंगं असतात, मोठी असल्याने हत्यार नीट जातं. पण त्याचं कोटेशन बघून मी पान उलटलं.)

गडबड सुरू होते ती जखम कशी करायची इथे. ताईंनी खरवडलं, भिंत खडबडीत होऊन रक्त दिसेपर्यंत. त्याखेरीज आणखी रस्ते आहेत. खरवडून वर जिवाणूच्या आवरणातल्या एलपीएसमध्ये भिजवलेला दोरा ४८ तास आत ठेवायचा, म्हणजे जखमेला संसर्गाची जोड मिळते. किंवा ९५ टक्के अल्कोहोल आत सोडायचं. किंवा उष्णतेनं भाजायचं. अल्कोहोलनं निकाल हमखास येतो, पण कुठल्या बाईच्या पिशवीत कोणी अल्कोहोल ओततं? लॅबचं 'स्टँडर्ड' म्हणजे नुसतं खरवडणं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्या फेरीचा रिपोर्ट आला तो देखणा. चाळीस पानं, मॅसन ट्रायक्रोमचे रंगीत फोटो. या रंगात कोलॅजन, म्हणजे व्रणातला धागा, निळं दिसतं, स्नायू लाल, पेशींची केंद्रकं काळपट. जखमेच्या गटात निळंच निळं, जेलच्या गटात लाल भिंत आणि गोल गोल ग्रंथी. निष्कर्ष : 'लक्षणीय सुधारणा.' मी पेढे आणले. खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी फोटोंखालची बारीक अक्षरं वाचली. जखमेचा फोटो सातव्या दिवसाचा होता. जेलचा अठ्ठाविसाव्या दिवसाचा.

उंदराचं अस्तर स्वतःहून भरून येतं, आणि नुसतं खरवडलं असेल तर बरंच लवकर. मी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या, जखम केलेल्या पण जेल न लावलेल्या शिंगांच्या स्लाइड मागवल्या. जवळजवळ तितक्याच चांगल्या! म्हणजे माझी जेल गुणकारी, आणि काहीच न लावणंही गुणकारी.

मग एकेक धागा सुटत गेला. कुठला उंदीर चक्राच्या कुठल्या टप्प्यावर असताना नमुना घेतला, याची नोंद नाही. प्रोएस्ट्रसमध्ये, म्हणजे माजाच्या आधीच्या टप्प्यात, शिंग पाण्यानं फुगतं, भिंत ताणली जाऊन पातळ दिसते; दुसऱ्या एखाद्या टप्प्यात तीच जाड. अस्तराची जाडी मायक्रोमीटरमध्ये दोन दशांश चिन्हांपर्यंत दिली होती, पण हे न बघता. ते बघायला योनीतून घेतलेला सलाइनचा एक थेंब, एक काचपट्टी आणि पाच मिनिटं लागतात. एस्ट्रसच्या, म्हणजे माजाच्या टप्प्यातल्या, पेशी पातळ पोह्यांसारख्या चपट्या दिसतात, मीसुद्धा अर्ध्या तासात ओळखायला शिकले. शिवाय स्लाइडच्या चिठ्ठीवर गटाचं नाव लिहिलेलं. मोजणाऱ्याला आधीच माहीत, हा जेलवाला.

आणि सगळ्यात मोठं. मी अभ्यासप्रमुखांना फोनवर विचारलं, "सर, यात चिकटलेलं कुठंय?"

"मॅडम, फायब्रोसिस आहे ना भरपूर."

फायब्रोसिस म्हणजे भिंतीत कोलॅजनचा कडक थर साचणं. चिकटणं म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये पूल तयार होणं. पहिलं असलं की दुसरं असतंच असं नाही, आणि माझ्या चोवीसपैकी फार थोड्या शिंगांत पूल होता. कोटेशनवर शब्द मात्र 'अ‍ॅडहेशन' होता. ज्यांचं औषध कोलॅजन कमी करतं किंवा ज्यांच्या पेशी अस्तर उगवायला लावतात, त्यांना हे मॉडेल चालेल. माझी जेल दोन भिंतींमधला पडदा आहे. भिंती चिकटतच नसतील तर पडदा कुणाला हवाय? चोवीस जिवांनी एवढं शिकवलं. ते फोनवर अर्ध्या तासात कळण्यासारखं होतं, हे अजून टोचतं.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझं जे बंद झालं ते त्यात दिसणारच नाही?"

"नाही."

"मग पोरं राहतात का ते तरी बघा."

दुसऱ्या फेरीत ते घेतलं. खरवडणं अधिक एलपीएसचा दोरा. जेल असलेला आणि नसलेला, दोन्ही गट सातव्या दिवशीही आणि अठ्ठाविसाव्या दिवशीही. रोज सकाळी स्मिअर, म्हणजे तीच काचपट्टीवरची तपासणी. प्रत्येक शिंगाचे तीन ठिकाणी आडवे छेद. चिठ्ठीवर फक्त आकडे, कुठला आकडा कुठल्या गटाचा ही यादी माझ्याकडे. आणि काही माद्या नराजवळ ठेवायच्या. उंदरात दोन्ही शिंगांची तोंडं वेगळी, एका बाजूचा गर्भ दुसऱ्या बाजूला जात नाही, म्हणून शिंगागणिक मोजता येतं. लॅबनं यातलं काहीही नाकारलं नाही, पैसे वाढवले आणि वेळेवर केलं. हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. सांगितलेलं ते उत्तम करतात, न सांगितलेलं करत नाहीत.

आकडे इथे टाकत नाही, पेपर व्हायचाय. पण उघडलेल्या पोटाचा एक फोटो माझ्या फोनमध्ये आहे. एका बाजूला दाण्यांनी भरलेली चवळीची शेंग. दुसऱ्या बाजूला जेलवालं शिंग, तिथे दाणे कमी, पण आहेत. वहिनीला दाखवला. तिनं बराच वेळ झूम करून पाहिला आणि फोन परत दिला.

शस्त्रक्रिया आणि प्राण्यांची निगा, पाचपैकी पाच. रिपोर्टला दोन, तेही फोटोंच्या छपाईसाठी. फोन उचलतात, ईमेलला उत्तर चार दिवसांनी येतं. आणि एक बारीक गोष्ट : मूळ स्लाइड आणि नमुने बसवलेले मेणाचे ब्लॉक हवे असतील तर करारातच लिहून घ्या. माझ्या पहिल्या फेरीचे मिळाले, कारण ताईंनी ते कपाटात जपून ठेवले होते. नियमाप्रमाणे रिपोर्ट दिल्यावर तीन महिन्यांत टाकून देतात. कुरिअरचा खर्च वेगळा.