केअर होममधली शिफ्ट की घरी राहून रुग्णसेवा?

केअरटेकरचं काम धरताना दोन वाटा समोर असतात. एक म्हणजे केअर होममध्ये शिफ्टने काम, दुसरी म्हणजे एखाद्या घरी २४ तास राहून एकाच आजी-आजोबांचं सगळं करणं. बरेच जण पगार आणि राहण्या-जेवणाची सोय बघून ठरवतात. आमच्या मते आधी एवढंच विचारा: रात्री पेशंटला उचलायची वेळ आली, तर मदतीला दुसरं कोण आहे?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, टाचा आणि खुब्यावरची कातडी आधी लाल पडते, मग फाटते. बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर बेडसोर सुरू झाला असं धरायचं. केअर होममध्ये दोघं मिळून हे नीट होतं. पलंग कमरेच्या उंचीला आणायचा, पेशंटखालच्या आडव्या चादरीच्या कडा दोन्ही बाजूंनी गुंडाळून धरायच्या आणि एकाच वेळी उचलून सरकवायचं. फरफटत ओढलं की कातडी सोलवटते. होइस्ट (पेशंटला पट्ट्यात घेऊन उचलायचं यंत्र) असेल तर पट्टा मापाचा आहे ना ते बघा, मोठ्या पट्ट्यातून माणूस घसरतो. घरी मात्र पलंग बहुधा बुटका आणि भिंतीला टेकवलेला असतो, आणि वाकून सगळं एकट्याने करायचं. पाठ कायमची धरते ती अशा कामाने. घरचं काम घेणारच असाल, तर उंची बदलणारा पलंग आधी मागा. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं टळत नाही, हेही घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

भरवण्याच्या बाबतीत घर सरस. केअर होममध्ये सकाळी अंघोळ, डायपर, नाश्ता, गोळ्या सगळं एकदम अंगावर येतं, आणि घाईत भरवलेला घास श्वासनलिकेत जातो. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, घास लहान, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही, आणि जेवणानंतर निदान ३० मिनिटं आडवं करायचं नाही. याला लागणारा निवांतपणा घरी मिळतो. शिवाय एकच माणूस सांभाळताना, आज आजी अचानक गोंधळल्यासारख्या बोलतायत, लघवी कमी झालीय, हे लगेच लक्षात येतं.

झोपेचं गणित उलटं आहे. घरी ‘रात्री काही काम नसतं’ असं सांगितलं जातं, पण डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटची अस्वस्थता बऱ्याचदा संध्याकाळनंतरच वाढते आणि तुमची खाट त्याच खोलीत असते. आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशी बदली कोण येणार, हे लिहून घ्या. केअर होममध्ये रात्री माणसं कमी असतात, एकावर बरेच पेशंट येतात, पण शिफ्ट संपली की झोप तुमची. अपवाद एकच: त्याच इमारतीत राहत असाल, तर कुणी गैरहजर राहिलं की पहिली हाक तुम्हालाच.

राहण्याची खोली बघताना कुलूप लागणारं कपाट आणि वेगळं बाथरूम आहे का ते बघा. दिवसपाळी-रात्रपाळीत एकच गादी वापरत असतील तर नको म्हणा, खरूज आली की दोघांनाही होते. उलट्या-जुलाबाची साथ असेल तर साबण-पाण्यानेच हात धुवा, अशी साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

कामाला अगदी नवे असाल तर आम्ही केअर होमच सुचवू, कारण उचलणं, वळवणं शेजारी उभं राहून शिकता येतं. मात्र ठरवण्याआधी शिफ्ट बदलण्याच्या वेळी जाऊन हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवणं, कसं होतं ते बघा. कोण जेवलं, कुणी गोळी नाकारली, कुणाला शौचाला झालं नाही, इन्सुलिन किती वाजता दिलं, हे लिहून आणि तोंडी सांगितलं जात नसेल, तर एकच डोस दोनदा जायला वेळ लागत नाही, आणि जबाब तुम्हाला द्यावा लागतो.