दौलतगंजातले फोटोकॉपीवाले काका आणि माझं 2016 साली फिटलेलं कर्ज

चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

ग्वाल्हेरात दौलतगंजात हे दुकान आहे. पाटीवर फोटोकॉपी, टायपिंग, लॅमिनेशन एवढंच. आत बसणारे काका बँकेतून रिटायर झालेत आणि जुन्या कर्जांची भांडणं कागदावर मांडून देतात, हे पाटीवर नाही. मला शेजारच्या वहिनींकडून कळलं.

माझं भांडण असं. 2009 मध्ये इंदूरला इंजिनिअरिंग करायला 3,80,000 रुपयांचं शैक्षणिक कर्ज काढलं. चार लाखांच्या आतलं, म्हणून गहाण काही नव्हतं, पण बाबा सहकर्जदार. मार्च 2016 मध्ये शेवटचा चेक भरून मोकळे झालो. पुढे ती बँक दुसरीत विलीन झाली. गेल्या वर्षी घरासाठी कर्ज मागायला गेले, तर सिबिल रिपोर्टात, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदींत, माझ्या त्याच जुन्या कर्जावर 7,312 रुपये थकीत! पाठोपाठ वसुलीवाल्याचे फोन, तेही बाबांना, रात्री नऊला. "चार हजारांत सेटल करा." त्यातच एका 'स्कोअर दुरुस्त करून देतो' वाल्याने पंधरा हजार मागितले. सात हजारांचा डाग पुसायला पंधरा हजार!

काकांचा पहिला प्रश्न, "काही भरलं नाहीस ना?"

नाही म्हटल्यावर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बरं केलंस. सेटल केलंस तर रिपोर्टात 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीने मिटवलं, असं येतं; 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फिटलं, असं नाही. पुढची बँक तेच बघते."

मी आपलं ऐकीव ज्ञान पाजळलं, की तीन वर्षं झाली म्हणजे कर्ज बाद होतं ना?

"1963 च्या मुदतीच्या कायद्याने बँकेची कोर्टात जायची मुदत संपते. नोंद आपोआप पुसली जात नाही. आणि बाद कशाला म्हणतेस गं? तू फेडलंयस ना? मग माफी नको मागू, हिशेब माग."

खातेउतारा मिळवायला शाखेत तीन चकरा झाल्या. तो आणल्यावर काकांनी फूटपट्टी लावून एकेक ओळ खाली सरकवत वाचला. माझ्या चेकच्या खालीच 31 मार्चला 284 रुपये व्याज पडलेलं. खातं बंद करायचा आकडा देताना शाखेने नऊ दिवसांचं व्याज धरलंच नव्हतं. त्या 284 वर आठ वर्षं दंडव्याज आणि चार्जेस चढत गेले. आणि बाबांच्या गोदरेजच्या कपाटात त्याच शाखेचा, 4 एप्रिलच्या तारखेचा, 'काही बाकी नाही' असा शिक्क्याचा दाखला! काकांनी तो लगेच लॅमिनेट करायला घेतला. मीच थांबवलं, आधी झेरॉक्स काढा म्हटलं.

अर्ज एका पानाचा. मी लिहून नेलेली दीड पानांची रडकथा त्यांनी सरळ खोडली. दोन प्रती, एकीवर बँकेची पोच. त्याच दिवशी रिपोर्टातल्या नोंदीवर ऑनलाइन हरकत, तीही फुकट. रात्रीच्या फोनचे स्क्रीनशॉट सोबत लावले, कारण वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही. तीस दिवसांत बँकेने ब्र काढला नाही, तेव्हा एकतिसाव्या दिवशी बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार. त्यालाही पैसे लागत नाहीत. म्हणजे खरं तर हे सगळं घरबसल्या माझं मलाच करता आलं असतं. पण तो उतारा मी सात जन्मांत तसा वाचला नसता.

सत्तेचाळिसाव्या दिवशी नोंद 'क्लोज्ड' झाली. हरकत तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई, हा एप्रिल 2024 पासूनचा नियमही काकांनीच सांगितला होता. सतरा दिवसांचे 1,700 खात्यात आले.

काकांनी घेतले 250, प्रिंटसकट. प्रिंटरची शाई पसरते, आणि काम करताना तुमचं लग्न, पगार, सासर असं सगळं विचारून घेतात. त्याचा मी तारा कापला नाही. कापला तो दुपारचा. दोन ते साडेचार दुकान बंद, म्हणजे नेमकं नोकरीवाल्यांना सुट्टी टाकून निघता येतं तेव्हा. पैसे आले त्या दिवशी मी बाड्यावरून पेढे घेऊन गेले. सव्वातीन वाजले होते, शटर खाली.