फुकेतची किंग्ज कप शर्यत आणि आमची लाँच

थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त १९८७ साली सुरू झालेली किंग्ज कप ही शिडांच्या नौकांची शर्यत डिसेंबरच्या सुरुवातीला फुकेत बेटावरील काता किनाऱ्यासमोर होते. ती जवळून पाहता यावी म्हणून आम्ही चालाँग धक्क्यावरून एका लाँचमध्ये दिवसभराच्या जागा घेतल्या होत्या.

लाँच पाऊण तास उशिरा सुटली आणि प्रोमथेप भूशिराला वळसा घालून आम्ही पोहोचेपर्यंत पहिल्या शर्यतीची सुरुवात हुकली होती, ही तक्रार नोंदवणे भाग आहे. पुढचे तीन तास मात्र त्याची भरपाई करणारे ठरले. या दिवसांत ईशान्येचा वारा बेटावरून समुद्राकडे वाहत असल्यामुळे पाणी बऱ्यापैकी शांत असते, पण टेकड्यांआडून येणारे झोत लहरी असतात. शेजारच्या दोन नौकांपैकी एक कलून धावत असताना दुसरीचे शीड ओल्या धोतरासारखे लोंबत होते. बोयाला, म्हणजे मार्गाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या गोळ्याला, वळसा पडताच भलेमोठे रंगीत स्पिनेकर, म्हणजे मागून येणाऱ्या वाऱ्यासाठीची पुढची फुगीर शिडे, फटकन फुगले, तेव्हा तो आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट आला.

जेवण सामान्य होते, आणि शाकाहारी म्हणून दिलेल्या भातात माशाचा सॉस निघाला. शाकाहारींनी डबा सोबत न्यावा. नावाडी मात्र जाणकार होता: स्पर्धकांचा वारा अडू नये म्हणून तो न सांगता वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा ज्या दिशेला वाहत जातो त्या बाजूला, पुरेशा अंतरावर राहत असे. त्याच्यासाठी मी पुन्हा याच लाँचने जाईन, पण सकाळी सातलाच धक्क्यावर जाऊन त्यांच्या मागे लागेन.