सॉलिडिटीचा सशुल्क अभ्यासक्रम: काही महिन्यांच्या वापरानंतर

‘आजीवन प्रवेश’ म्हणून विकलेल्या सॉलिडिटीच्या (इथेरियम ब्लॉकचेनवरचे प्रोग्राम लिहिण्याची भाषा) अभ्यासक्रमाचे नूतनीकरण शुल्क, वर 18 टक्के जीएसटी, अशी मागणी करणारा ईमेल नुकताच आला आणि हा अनुभव लिहिण्याचे निमित्त मिळाले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्यातले अभ्यासक्रम बरेच आहेत.

सुरुवातीच्या भागांनी माझी निराशा केली. ब्लॉकचेन म्हणजे वाण्याकडची उधारीची वही, हे सांगण्यात बराच वेळ जातो. मात्र गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) वापरणाऱ्या डेव्हलपरला प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश (त्यातील माहितीवरून काढलेला ठसा) असतो, एवढे एक वाक्य पुरते. त्याला खरी अडचण येते ती कॉन्ट्रॅक्टमधून (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्राममधून) बाहेरच्या एपीआयला, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरच्या सेवेला, कॉल का करता येत नाही, या प्रश्नाची. तोच कोड प्रत्येक नोडला (नेटवर्कमधील संगणकाला) स्वतंत्रपणे चालवून तेच उत्तर काढावे लागते, आणि बाहेरचा सर्व्हर प्रत्येकाला तेच उत्तर देईल याची हमी नसते. हे कारण पुढे ओझरते येऊन जाते.

रीएन्ट्रन्सीच्या (फंक्शन पूर्ण होण्याआधीच त्यात पुन्हा शिरण्याच्या) व्याख्यानाने मात्र माझे मत बदलले. एका वेळी एकच व्यवहार चालतो, समांतर चालणारे थ्रेड नाहीत, मग तेच फंक्शन अर्ध्यावर असताना पुन्हा कसे सुरू होते? आधी पैसे पाठवले आणि शिल्लक नंतर शून्य केली, तर पैसे घेणारे कॉन्ट्रॅक्ट त्या मधल्या क्षणी पुन्हा पैसे मागते आणि जुनीच शिल्लक दाखवून ते मिळवते. 17 जून 2016 रोजी ‘द डीएओ’ या इथेरियमवरील सामूहिक गुंतवणूक निधीतून सुमारे 36 लाख इथर (इथेरियमचे चलन) याच मार्गाने बाहेर गेले. शिक्षकाने हा कोड ओळीओळीने चालवून दाखवला आणि त्यातील दोन ओळींचा क्रम बदलून तोच हल्ला फसवून दाखवला. इतके स्वच्छ विवेचन मी अन्यत्र पाहिलेले नाही.

आता अभ्यासक्रमातील गॅसच्या (कोड चालवण्याचा खर्च मोजण्याचे एकक) तक्त्याविषयी. त्यावर मी गरजेपेक्षा जास्त बोलणार आहे, कारण काटकसर शिकवणारा तक्ताच चुकीचा असणे मला सहन होत नाही. स्टोरेजमधील (कॉन्ट्रॅक्टच्या कायमच्या साठ्यातील) जागा एकदा वाचायला 800 गॅस लागतो, असे त्यात आहे. एप्रिल 2021 मधील बर्लिन फोर्कनंतर (फोर्क म्हणजे नेटवर्कच्या नियमांतील बदल) एखादी जागा व्यवहारात प्रथम वाचताना 2,100 आणि नंतर दर वेळी 100 गॅस लागतो. म्हणजे एकच जागा 100 वेळा वाचण्याचा खर्च तक्त्याप्रमाणे 80,000 येतो, प्रत्यक्षात तो 12,000 असतो. याउलट दहा वेगवेगळ्या जागा एकेकदा वाचल्या तर 8,000 ऐवजी 21,000 गॅस जातो. लूपमधील वाचनाची धास्ती घालणारा हा तक्ता विखुरलेल्या वाचनाकडे डोळेझाक करतो. शिवाय जागा शून्य केल्यास 15,000 गॅस परत मिळतो, हेही ऑगस्ट 2021 मधील लंडन फोर्कपासून खरे नाही. आता ती सूट 4,800 आहे.

मी हे आकडे कळवले. ‘संकल्पना कालबाह्य होत नाहीत’ असे उत्तर आले. पुन्हा लिहिले, तेव्हा तक्रार निकाली काढल्याचा संदेश मिळाला. संकल्पना टिकतात हे मान्य. पण कोड कसा रचायचा याचा सल्ला आकड्यांवर उभा असेल, तर आकडे बदलल्यावर तो सल्लाही तपासायला हवा.

स्वाध्याय गोएर्ली टेस्टनेटवर (सरावासाठीच्या नेटवर्कवर) आहेत आणि ते नेटवर्क 2024 मध्ये बंद झाले. सेपोलिया या दुसऱ्या टेस्टनेटवर स्वाध्याय निभतात. ट्रफल या डेव्हलपमेंटच्या साधनाचे धडे सरळ वगळावेत. रीमिक्स हे सॉलिडिटी लिहून चालवून पाहण्याचे साधन ब्राउझरमध्ये फुकट चालते आणि सॉलिडिटीचे अधिकृत दस्तऐवजही विनामूल्य आहेत.

नूतनीकरण मी केलेले नाही. रीएन्ट्रन्सीचे व्याख्यान सुटे विकत मिळत असते, तर तेवढे मात्र जीएसटीसह घेतले असते.